अवधूताचे चोवीस गुरू आणि आमचे सात वार

दत्तजयंती जवळ आली की आमच्या जुन्नर-आंबेगाव परिसरात घरोघरी गुरुचरित्राची पोथी रुमालातून सुटते. सात दिवस पारायण चालते. त्या सात दिवसांत घरातील माणसे हळू बोलतात, पहाटे उठतात, एकमेकांना सांभाळून घेतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला समाप्ती होते, सुंठवडा वाटला जातो, पोथी पुन्हा रुमालात जाते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याशी पाण्याच्या प्रमाणावरून चालणारा वाद पूर्ववत सुरू होतो. पारायणाचा तेवढा सप्ताह, आणि वर्षातील बाकीचे सारे नुसते आठवडे, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकलेली असते. ही वाटणी प्रत्यक्ष श्रीदत्तप्रभूंना मान्य होईल काय, एवढाच विचार आजच्या पर्वकाळी करावयाचा आहे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला वाटेत एक तरुण अवधूत भेटतो. अंगावर धड वस्त्र नाही, घर नाही, संग्रह नाही. आणि मुखावर मात्र आनंद ओसंडून चाललेला. राजाने त्या आनंदाचे कारण विचारले. अवधूत म्हणाला, "मी चोवीस गुरू केले, त्यांचा हा प्रसाद." राजाला वाटले असेल, आता काशी-कांचीच्या थोर थोर आचार्यांची नामावळी ऐकावयास मिळणार! अवधूताने नावे सांगितली ती पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य. नंतर कपोत, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढून नेणारा, हरिण, मासा. पुढे पिंगला, कुरर पक्षी, लहान मूल, कांडण करणारी मुलगी, बाण घडविणारा, सर्प, कोळी आणि शेवटी कुंभारीण माशी. मूळ भागवतात या अवधूताचे नाव सांगितलेले नाही. परंपरेने मात्र त्याच्या ठायी श्रीदत्तात्रेयांना ओळखले, आणि दत्तोपासक जनार्दनस्वामींचे शिष्य जे नाथमहाराज, त्यांनी १५७३ मध्ये वाराणसीस पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत सातवा, आठवा व नववा असे तीन अध्याय या चोवीस गुरूंचे रसाळ विवरण केले.

या नामावळीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, आपण गुरू झालो याचा या चोविसांपैकी एकालाही पत्ता नव्हता. कोणी अनुग्रह दिला नाही, कोणी दक्षिणा घेतली नाही. दुसरी अशी की, हे सर्वच गुरू गुणांमुळे गुरू झालेले नाहीत. काहींचा गुण घ्यावा म्हणून ते गुरू, तर काहींचा अवगुण पाहून तो आपण टाकावा म्हणून ते गुरू. जिभेपायी गळाला लागलेला मासा हाही गुरूच. त्यामुळे गुरूंचा तुटवडा म्हणून कधी पडत नाही. शेजारी-पाजारी पुरेसे असतात.

त्याच भागवतातील आणखी एक प्रसंग येथे जोडावयास हवा. राजा परीक्षिताला शाप झाला आणि त्याच्या हाती सातच दिवस उरले. त्या सात दिवसांत शुकाचार्यांनी त्याला भागवत सांगितले, आणि तेव्हापासून सप्ताहाची प्रथा पडली. परंतु वाचकहो, नीट पाहिले तर आपल्या वाट्याला तरी आठवा वार कोठे आला आहे? सोमवारपासून रविवारपर्यंत सातच. त्यातल्या एखाद्या वारीच तक्षक येणार, हेही ठरलेले. परीक्षिताला ते ठाऊक होते, आपल्याला ठाऊक नसते, इतकाच फरक. म्हणून आमच्या या दोन तालुक्यांतला, ज्यात सण नाही, व्रत नाही, उत्सव नाही, असा एक साधा आठवडा घेऊन, कीर्तनाच्या निमित्ताने हिंडताना दिसलेले सात वारांचे गुरू आपल्यापुढे मांडतो.

सोमवार. हा बेल्ह्याच्या बाजाराचा वार. बेल्ह्याचा बैलबाजार पंचक्रोशीत नामांकित आहे. बैलांचे दात पाहावे, वशिंड पाहावे, चार पावले चालवून पाहावे, आणि मग भाव बोटांनी ठरवावा, तोही उपरण्याखाली हात घालून; म्हणजे तिसऱ्या माणसाला आकडा कळू नये. ही जुनी रीत पाहिली की अवधूताला गुरू वाटलेली ती मुलगी आठवते. घरी पाहुणे आलेले, वडीलमंडळी बाहेर गेलेली, आणि ही आतल्या खोलीत साळी कांडते आहे. कांकणे वाजू लागली, तर घरात कांडणाला माणूस नाही हे पाहुण्यांना कळेल, म्हणून तिने एकेक कांकण उतरविले. हातांत दोन दोन राहिली तरी वाजतच होती. एकेक उरले तेव्हा आवाज थांबला. बाजारात मात्र उपरण्याखाली बोटे मुकी आणि उपरण्यावर तोंडे अखंड चालू, असा प्रकार असतो. एक विक्रेता आपल्या बैलाचे गुण अर्धा घटका सांगत होता. घेणाऱ्या म्हाताऱ्याने शेवटी एवढेच विचारले, "मारका हाय का?" विक्रेता म्हणाला, "मला तरी कधी मारलं नाय." म्हाताऱ्याने मग कासऱ्याजवळ उभ्या असलेल्या सहा-सात वर्षांच्या पोराला जवळ घेऊन तोच प्रश्न केला. पोरगे म्हणाले, "मारत नाय आजोबा, पण हट्टी लई हाय. आई म्हणती, अगदी आमच्या आण्णांवर गेलाय." आण्णा म्हणजे तो विक्रेताच! सभोवार हशा उसळला. म्हाताऱ्याने बैल घेतला. म्हणाला, "हट्टी बैल चालंल, पोर खरं बोलतं त्या घरचा हाय." अवधूताच्या यादीत लहान मूल आहे ते उगीच नव्हे. मानापमानाचा हिशेब ज्याला येत नाही, त्याच्या एका वाक्यावर हजारोंचा व्यवहार निर्धास्तपणे होतो.

मंगळवार. गणरायाचा वार, म्हणून लेण्याद्रीस गर्दी. अष्टविनायकांपैकी डोंगरातील लेण्यात विराजमान असलेला हा एकच गणपती. बौद्ध भिक्षूंसाठी दगडात कोरलेल्या लेणीसमूहातील सातव्या लेण्यात गिरिजात्मज वसला आहे. वर जावयास तीनशेच्या आसपास पायऱ्या. 'आसपास' म्हणण्याचे कारण असे की, मोजत चढणाऱ्या दोन माणसांचा आकडा आजवर जुळलेला ऐकिवात नाही. मोजणाराला दम लागतो आणि दमलेल्या माणसाचा हिशेब नेहमी आपल्या बाजूने चुकतो. प्रपंचात आपण दुसऱ्यासाठी केलेल्या कामांची मोजदाद अशीच वाढीव निघते. असो.

लेण्याद्रीचे खरे आचार्य म्हणजे तेथील वानरे. पायरीवर एका वानराने कोणाच्या तरी पिशवीतून नारळ पळविला. तत्क्षणी सात-आठ वानरे त्याच्या पाठीस लागली. कठड्यावरून झाडावर, झाडावरून खडकावर, नारळ काखेत आणि प्राण कंठाशी. फोडावयास वेळ नाही, खावयास वेळ नाही, टाकवतही नाही. शेवटी एका मोठ्या वानराने कान धरताच नारळ हातून सुटला आणि गडगडत खाली गेला. सारी टोळी नारळामागे धावली. आमचे पहिले वानर मात्र कठड्यावर स्वस्थ बसून अंग खाजवू लागले. त्याच्या मुखावर त्या क्षणी जी प्रसन्नता होती, ती खाली नारळ मिळविणाऱ्याच्या मुखावर मुळीच नव्हती. भागवतातील कुरर पक्ष्याची हीच कथा. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी टोचत होते. तुकडा सोडला आणि आकाश मोकळे झाले. त्या पिशवीचा मालक मात्र खालपर्यंत नारळाचाच शोक करीत उतरला. देवापुढे फोडावयाचा नारळ देवाच्या दारातच फुटला, तर हानी कोणाची झाली, हा प्रश्न त्याच्या पत्नीने त्याला विचारला. त्याने उत्तर दिले नाही.

बुधवार. या वाराला विनोद सोडून थोडे थांबावे लागते. आंबेगाव तालुक्यात घोडेगावाहून पश्चिमेस निघाले की डिंभे धरणाचा विस्तीर्ण जलाशय लागतो. ज्या आंबेगावाचे नाव सबंध तालुका धारण करतो, ते मूळ गाव या जलाशयाने पोटात घेतले आहे. पाणी उतरते तेव्हा जुन्या बांधकामांचे अवशेष डोके वर काढतात. नाव काठावर आणि गाव तळाशी! 'माझे गाव, माझी ओसरी, माझा बांध' या शब्दांचा अर्थ त्या काठावर उभे राहिल्याखेरीज कळत नाही.

त्याच खोऱ्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ हा दिवसही असाच एक साधा बुधवार होता. श्रावण नुकताच लागलेला, पाऊस अखंड, चुली पेटलेल्या. सकाळी डोंगराचा कडा सुटला आणि गाव मातीखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. आत काय घडले, हे बाहेरच्या जगाला प्रथम कळले ते एस. टी.च्या एका चालकामुळे. नेहमीच्या फेरीला तो आला, आणि जेथे रोज गाव दिसे तेथे गाव दिसेना. त्याने वर्दी दिली आणि मदत निघाली. पुढे वाचलेल्या कुटुंबांसाठी नवे माळीण उभे राहिले, २०१७ मध्ये घरे त्यांच्या स्वाधीन झाली.

या प्रसंगी तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. एकच गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. रोजची वाट डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या माणसालाच तिच्यावरचे नाहीसे झालेले दिसते. आपण रोज ज्यांच्यावरून जातो, ती घरे, ती माणसे, ओसरीवर बसलेली ती म्हातारी, यांच्याकडे पाहिलेलेच नसेल, तर ती नाहीशी झाल्यावरही आपल्याला कळणार नाही. तो चालक माझ्या यादीतील बुधवारचा गुरू. परीक्षिताचे सात दिवस म्हणजे काय, हे आमच्या डोंगराने आम्हांला बुधवारी शिकविले.

गुरुवार. दत्तगुरूंचा वार आणि ओतूरच्या बाजाराचाही वार. ओतूरला मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचे जुने देवालय, आणि त्याच परिसरात श्रीबाबाजी चैतन्यांची समाधी. बाबाजी म्हणजे तुकोबारायांचे सद्गुरू. तुकोबांना अनुग्रह झाला तो स्वप्नात, माघ शुद्ध दशमीला, आणि वार होता गुरुवार. तुकोबांनी हा प्रसंग स्वतःच सांगून ठेविला आहे, आणि त्यात एक मौजेची गोष्ट आहे. गुरूंनी मस्तकावर हात ठेविला, परंपरा सांगितली, मंत्र दिला. आणि भोजनासाठी पावशेर तूप मागितले. त्या तुपाचा मात्र स्वप्नात विसर पडला. जगद्गुरूंच्या चरित्रात ब्रह्मविद्येच्या शेजारी पावशेर तूप बसलेले पाहून मोठी गंमत वाटते. परमार्थ आला म्हणजे स्वयंपाकघर सुटले, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग पुनःपुन्हा आठवावा.

ओतूरला एके गुरुवारी कीर्तनात हेच आख्यान लावले होते. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ भेटले. रात्री घरी गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, बाजारातून आणावयाचे तूप राहून गेले. त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने पत्नीस सांगितले, "अगं, प्रत्यक्ष तुकोबांनाही तुपाचा विसर पडला होता. आत्ताच बुवांनी कीर्तनात सांगितलं." ती माउली म्हणाली, "तुकोबा विसरले ते स्वप्नात. तुम्ही विसरलात बाजारात, जागेपणी, पिशवी हातात असताना." गृहस्थ मला विचारू लागले, "बुवा, याला शास्त्रात काही उत्तर आहे का?" शास्त्रे सहा आहेत, एकातही नाही. संतांच्या चरित्रातून आपल्या सोयीचे तेवढे उचलावे आणि त्यांचे वैराग्य मात्र तेथेच ठेवावे, हा आपला सर्वांचा जुना व्यवहार. तो त्या गृहिणीने दोन वाक्यांत उघडा केला.

ओतूरहून रात्री परतताना दोन्ही बाजूंना ऊस लागतो, आणि ऊस म्हटला की आमच्या भागात बिबट्या आला. ही थट्टेची बाब नव्हे. माणसांचे बळी गेले आहेत, आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. अंधारात एकट्याने जाऊ नये, सोबत असावी, उजेड असावा, बोलत-गात जावे, हे येथे लहान मुलालाही ठाऊक आहे. आमच्या टाळकऱ्यांपैकी एक जण कीर्तनात टाळाच्या आवाजापेक्षा मोठा सूर कधी काढत नाही. उसाच्या कडेला मात्र त्याचा नामघोष शेजारच्या वाडीपर्यंत जातो. मृदंगवाला त्याला म्हणाला, "दादा, हाच आवाज देवळात का नाही हो येत?" तो म्हणाला, "देवळात देव काही अंगावर येत नाही." भयाने का होईना, त्याच्या मुखी नाम आले. नाथमहाराजांच्या दृष्टीने पाहिले, तर बिबट्याही गुरूंच्या पंक्तीत बसावयास हरकत नाही, मात्र लांबच्या पाटावर.

शुक्रवार. आळे आणि खोडद ही दोन गावे या वारी जोडून पाहावी. आळ्याला रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याने परतीच्या वाटेवर आळे येथे देह ठेविला आणि माउलींनी त्याला समाधी दिली, अशी परंपरा आहे. चैत्र वद्य एकादशीला तेथे यात्रा भरते. ज्यांचे आयुष्य संस्कृत पाठांतरात गेले, त्यांनी वर्षातून एकदा तरी या समाधीपुढे बसावे. ज्याच्या नावे एक पोथी नाही, त्याची समाधी आहे. पैठणच्या त्या सभेतील किती पंडितांची नावे आज कोणाच्या तोंडी आहेत?

आळ्याने बोलणाऱ्याचा गर्व उतरतो, तर खोडदला ऐकण्याचा महिमा कळतो. नारायणगावजवळच्या खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी तिची उभारणी केली. २०२० मध्ये ते निवर्तले. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ खोडदच्या आसपास आणि उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात. ही जागा निवडताना येथे मानवनिर्मित रेडिओ-कोलाहल कमी आहे, हे एक मोठे कारण होते. तीस कान, एकही मुख नाही! नवविधा भक्तीत श्रवण पहिले का, ते त्या तबकड्या पाहिल्यावर निराळे सांगावे लागत नाही. आणि त्याच परिसरात शुक्रवारच्या कीर्तनात ऐन उत्तररंगात एका पिशवीतला मोबाइल वाजू लागला. चित्रपटातील उडते गाणे. मालक पिशवी उपसतो आहे, आधी कोथिंबीर निघाली, मग चष्मा, मग औषधे, गाणे चालूच. शेवटी यंत्र सापडल्यावर त्यांनी ते कानाला लावून खणखणीत आवाजात सांगितले, "मी कीर्तन ऐकतोय, नंतर बोलू!" आणि हात वर करून मला म्हणाले, "हं बुवा, चालू द्या तुमचं." अवधूताचा एकविसावा गुरू बाण घडविणारा. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला ती कळली नाही. आज राजाची स्वारी पिशवीतूनच निघते; बाण सरळ राहावा कसा?

शनिवार. नारायणगावचा बाजार. टोमॅटोच्या व्यापारासाठी हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचे भाव असे चढले की, वीस किलोच्या एका क्रेटला दोन हजारांहून अधिक रुपये मिळाले. शेताला राखण बसवावी लागली. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भाव असा कोसळला की, तोडणीची मजुरी निघेना. काहींनी माल रस्त्याकडेला ओतला. चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्याने मला त्या वर्षाचे सार सांगितले. "बुवा, जुलैत जावई न बोलावता मोटार घेऊन आले, चार दिवस राहिले. सप्टेंबरात बोलावलं तर म्हणाले, एस. टी.ला फार गर्दी असते." शेजारच्याने विचारले, "मग तुम्ही काय केलं?" तो म्हणाला, "काय करायचं? जुलैत पुरणपोळी केली होती, सप्टेंबरात पिठलं केलं. दोन्ही वेळा मी पोटभर जेवलो आणि दोन्ही वेळा आठ वाजता झोपलो. पहाटे पाणी धरायचं होतं ना."

अवधूताने समुद्राला गुरू केले ते याच गुणासाठी. पावसाळ्यात सहस्र नद्या येऊन मिळाल्या म्हणून तो मर्यादा सोडत नाही, आणि उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून सुकत नाही. आमच्या तालुक्यांना समुद्र नाही. नाणेघाटाच्या कड्यावरून खाली कोकण दिसते, तेवढाच त्याचा शेजार. पण नारायणगावच्या टपरीवर शनिवारी सकाळी तो चहा पिताना भेटतो. या माणसाला तोटा कळत नव्हता असे नव्हे. कर्ज होते, मुलीचे शिक्षण होते, पुढच्या लावणीची रोपे घ्यावयाची होती. अशा स्थितीत आठ वाजता झोप येणे ही केवढी साधना आहे, हे ज्यांच्या घरात शेती आहे त्यांनाच समजेल.

रविवार. जुन्नरचा बाजार. आमच्या गावाभोवतालच्या डोंगरांत शेकडो लेणी-गुंफा कोरलेल्या आहेत, आणि दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या दात्यांचे लेख त्यांत आढळतात. धान्याचे व्यापारी, बांबूचे काम करणारे, कासार अशा श्रेणींची नावे तेथे येतात. दूरदेशीचे यवनही दाते म्हणून येतात. नाणेघाटात तर राणी नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती कार्षापणे दिली, याची आकड्यांसह नोंद तेथे दगडात आहे. म्हणजे दान करावे आणि त्याची नोंद राहावी, ही इच्छा आपल्या डोंगराइतकी जुनी आहे. तेव्हा देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचे नाव घातले, म्हणून कोणी कोणाला हसू नये.

तरीही हसू येते, ते असे. एका देवळात तिन्ही पात्यांवर नाव असलेला पंखा होता. उन्हाळ्यात कीर्तनाच्या वेळी तो लावावा, तर दाते स्वतःच उठून बंद करीत. कारण फिरू लागला की नाव वाचता येत नसे. श्रोते घामाने निथळताहेत आणि नाव स्पष्ट दिसते आहे! शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशींनी तोडगा काढला. त्या म्हणाल्या, "दादा, पंखा सुरू ठेवा. वारा लागला की लोक आपणहून वर बघून विचारतात, हा कोणी दिला? बंद असला की कोणी मान वर करीत नाही." ते दाते विचारात पडले, आणि पंखा सुरू राहिला. पृथ्वी हा अवधूताचा पहिला गुरू. तिच्यावर नांगर चालवा, विहिरी खणा, ती देतच राहते, आणि जोंधळ्याच्या एकाही दाण्यावर तिचे नाव नसते. तेथवर पोहोचणे आपल्याला कठीण आहे. परंतु निदान पंखा फिरता ठेवणे कठीण नाही. मावशींनी माणसाला आहे त्या पायरीवरून एक पायरी वर नेले. उपदेशाचा आव आणला नाही. गुरुपदाला याहून काय लागते?

असे हे सात वार. बैलामागचे पोर, लेण्याद्रीचे वानर, एस. टी.चा चालक, ओतूरची गृहिणी, खोडदच्या तबकड्या, नारायणगावचा शेतकरी आणि देवळातल्या मावशी. यांत एकाचेही नाव कोणत्या पोथीत नाही, आणि उद्या आपल्या गावात शोधू गेलात तर आपल्याला दुसरे सात सापडतील. भागवतकारांनी चोवीसच सांगितले, कारण यदुराजाला राज्यकारभारही पाहावयाचा होता. पुढची यादी प्रत्येकाने आपल्या अंगणात करावी, हाच त्या कथेचा अभिप्राय.

पारायणाचे महत्त्व यात तिळभरही कमी होत नाही. पारायण म्हणजे डोळे पुसण्याचा सप्ताह. पुसलेल्या डोळ्यांनी पाहावयाचे ते पुढच्या सोमवारपासून. परीक्षिताला सातव्या दिवशी तक्षकाचे भय उरले नाही, कारण सहा दिवस त्याने एकही शब्द कानाआड होऊ दिला नव्हता. आपल्याला शुकाचार्य लाभोत न लाभोत, बाजार, एस. टी., स्वयंपाकघर आणि शेजार ही व्यासपीठे सातही दिवस उघडी आहेत.

यंदाच्या दत्तजयंतीनंतर एक लहानसा नेम करून पाहावा. दिवेलागणीला शुभंकरोती झाले की घरातील प्रत्येकाने सांगावे, "आज मी अमक्याकडून हे घेतले," किंवा "अमक्याकडे पाहून हे टाकले." पाच मिनिटांचे काम आहे. खर्च नाही, सोवळे नाही. फक्त वडीलधाऱ्यांनी मनाची एक तयारी ठेवावी. टाकावयाच्या यादीत एखादे दिवशी आपलेच नाव निघेल, आणि ते सर्वांत धाकटे नातवंड सर्वांत मोठ्या आवाजात सांगेल. तेव्हा रागावू नये. श्रीदत्तप्रभूंच्या घरी तोही गुरुपदाचाच मान आहे.